डोंगरवाटेवरचा वाटसरू : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन

‘ट्रेझर आयलंड’ ही चाच्यांची व पुरलेल्या खजिन्याची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना वाचली असेल. तिचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. ती गोष्ट लिहिण्याच्या आधी हा गृहस्थ एका गाढवीला सोबत घेऊन फ्रान्समधील डोंगराळ मुलुखातून बारा दिवस पायी हिंडला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. शाब्बाथशाळेच्या शिक्षकांना त्याच्या चरित्राचा हा भाग उपयोगी पडेल असे वाटल्यावरून आम्ही तो येथे सांगत आहोत.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. वडील थॉमस हे दीपगृहे बांधणारे नामांकित इंजिनियर, आणि आईचे वडील पाळक. घरचे वळण कडक प्रेस्बिटेरियन. मूल छातीने अशक्त, रात्र रात्र खोकत असे. त्याची दाई अॅलिसन कनिंगहॅम उशाशी बसून त्याला पवित्र शास्त्र वाचून दाखवी आणि धर्मासाठी छळ सोसलेल्या स्कॉटिश कव्हेनंटर लोकांच्या गोष्टी सांगे. त्या गोष्टी त्याच्या मनात इतक्या रुजल्या, की सोळाव्या वर्षी त्याने लिहिलेले पहिले पुस्तक त्यांच्याच १६६६ सालच्या उठावावर होते. त्याच्या छपाईचा खर्च वडिलांनी केला.

पुढे मात्र बापलेकांत अंतर पडले. १८७३ साली वडिलांनी सरळ विचारले असता मुलाने आपला पूर्वीचा विश्वास उरला नसल्याचे सांगितले. घरावर दुःखाची छाया पसरली. वडिलांना आपला जन्म फुकट गेला असे वाटले. मुलालाही आपण आईवडिलांना दुखावले याची खंत लागून राहिली. ज्या घरांतून असा प्रसंग आला आहे, त्यांना त्याचे दुःख वेगळे सांगावयास नको.

१८७८ च्या शरद ऋतूत हा अठ्ठावीस वर्षांचा होऊ घातलेला, प्रकृतीने नाजूक आणि मनाने एकाकी तरुण फ्रान्सच्या दक्षिण भागातील सेवेनच्या डोंगरांकडे आला. जिच्यावर त्याचे प्रेम होते ती फॅनी ऑसबोर्न नुकतीच अमेरिकेला परत गेली होती. ल मोनास्तिए या गावी त्याने मोदेस्तीन नावाची एक लहानशी गाढवी पासष्ट फ्रँकला विकत घेतली, तिच्या पाठीवर झोपण्याची मोठी पिशवी व सामान लादले आणि २२ सप्टेंबर रोजी वाट धरली.

गाढवी मुंगीच्या पावलाने चालू लागली. स्टीव्हन्सनने तिला काठीने मारले आणि मारता मारता स्वतःच ओशाळला. एका खाणावळवाल्याने त्याला टोकाला अणकुची लावलेली पराणी करून दिली, तेव्हा कोठे चाल वाढली. बलामाची गाढवी आपल्या मुलांना ठाऊक आहेच. येथेही धन्याला वाटत होते की हट्टी आहे ते जनावर, पण चूक पुष्कळशी धन्याचीच होती. ओझे जास्त, बांधणी वेडीवाकडी, आणि घाई धन्याला.

एका पावसाळी संध्याकाळी तो वाट चुकला. वस्तीतल्या एकाने दाराबाहेर येऊन वाट दाखविण्याचे नाकारले आणि त्याला रानातच रात्र काढावी लागली. पुढे नोत्र दाम दे नेज या कॅथलिक मठाजवळ येताना प्रॉटेस्टंट घरात वाढलेल्या या माणसाचे पाऊल भीतीने अडखळू लागले. पण मठातल्या संन्याशांनी त्याचे प्रेमाने आगतस्वागत केले. तेथे उतरलेले एक गावचे धर्मगुरू व एक म्हातारे सैनिक मात्र, हा प्रॉटेस्टंट आहे असे समजताच, पंथ बदलण्याविषयी त्याच्या पाठीस लागले. घरी जाऊन वडिलांनाही या पंथात आण, असे त्यांनी सांगितले. वडिलांचा विश्वास घरी ज्याने नाकारला होता, त्यालाच त्या परक्या जागी वडिलांच्या धर्माचा असा अनादर सहन होईना.

तेथून तो लोझेर पर्वतावर चढला. पाइनच्या रानात उघड्यावर त्याने एक रात्र काढली. ती इतकी शांत होती, की सकाळी निघताना त्याने त्या पाहुणचाराचे मोल म्हणून गवतावर काही नाणी ठेविली.

पर्वत उतरल्यावर लागते तार्न नदीवरील पों द मोंव्हेर. १६८५ साली चौदाव्या लुई राजाने प्रॉटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. आबे द्यु शेला हा धर्माधिकारी या गावी त्यांना आपल्या घरात कोंडून त्यांचा छळ करी. २४ जुलै १७०२ च्या रात्री डोंगरातील लोकांनी कैद्यांना सोडविले आणि त्याला ठार मारले. त्यांचा पुढारी एस्प्री सेग्ये याला पुढच्याच महिन्यात जिवंत जाळण्यात आले. येथून कामिसार युद्ध पेटले. राजाच्या सैन्याने १७०३ साली चारशेंहून अधिक गावे व वाड्या उद्ध्वस्त केल्या. तरी विश्वास मेला नाही. लोक रानात, गुहांत जमून उपासना करीत राहिले.

दाईकडून ऐकलेल्या कव्हेनंटरांच्या गोष्टींची येथे स्टीव्हन्सनला आठवण झाली. चेस्टनटच्या रानांतून फ्लोराकला आल्यावर त्याला दिसले, की ज्यांच्या पणजोबांनी एकमेकांना कापले, ते कॅथलिक व प्रॉटेस्टंट आता शेजारी शेजारी शांतपणे नांदत होते. तलवारीने व अग्नीने कोणाचा धर्म बदलला नव्हता.

३ ऑक्टोबरला तो सें-जां-दु-गारला पोहोचला. थकलेली गाढवी पुढे चालण्याजोगी नव्हती. ती पस्तीस फ्रँकला विकून तो गाडीत बसला. वाटेत तिची आठवण येऊन, जिला त्याने पराणीने टोचले होते तिच्यासाठी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. या प्रवासाचे पुस्तक १८७९ साली निघाले.

१८८० साली त्याने फॅनीशी लग्न केले. वडिलांनी त्याला पैशाचा आधार दिला, आणि ‘ट्रेझर आयलंड’ लिहिले जात असता गोष्टीतल्या एका खलाशाच्या पेटीत काय काय असावे याची यादी त्यांनी आनंदाने करून दिली. मतभेद मिटले असे आम्ही म्हणत नाही. माया मात्र तुटली नाही. शेवटी सामोआ बेटात राहत असता तो घरच्या मंडळींना व नोकरचाकरांना एकत्र जमवून संध्याकाळची प्रार्थना चालवी आणि त्यासाठी स्वतः प्रार्थना लिही. तुरुंगात असताना ज्यांना त्याने मदत केली होती, त्या सामोआच्या सरदारांनी १८९४ साली त्याच्या घरापर्यंत आपल्या हातांनी रस्ता बांधून दिला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो वारला, तेव्हा त्याच लोकांनी रान तोडून डोंगरमाथ्यापर्यंत वाट केली आणि त्याला तेथे पुरले.

सेवेनमधील त्याच्या वाटेला आज जीआर ७० म्हणतात. झाडांवर व दगडांवर रंगविलेल्या पांढऱ्या व तांबड्या खुणा पाहत देशोदेशीचे वाटसरू तीवरून चालतात. कित्येक जण गाढवही बरोबर घेतात.

शिक्षकांनो, आपल्या वर्गात व आपल्या घरात हट्टी वाटणारी मुले असतात, आणि पराणी हाती घेणे फार सोपे असते. तिने पाऊल जरा लवकर उचलले जाईल, पण अंतःकरण जिंकले जात नाही. राजाच्या सैन्याला ते साधले नाही, मठातल्या त्या दोन पाहुण्यांनाही साधले नाही. आपण ओझे हलके करावे, सोबत चालावे, आणि वाट दाखविण्यास दाराबाहेर यावे. बाकीचे काम देव करील.