र. धों. कर्वे: लैंगिक आरोग्यावर उघड बोलले म्हणून ज्यांना दंड झाला

हस्तमैथुनामुळे अशक्तपणा येतो, वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, आणि यावर आमच्याकडे खात्रीशीर औषध आहे. भूम तालुक्यातलं ईट असो की मुंबईतलं दादर, असे रील्स सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. यातले पहिले दोन दावे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहेत. तिसरा दावा विकला जातो तो या दोघांच्या भीतीवर.

हा धंदा आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वीही ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत छापून यायच्या. त्या काळात एका गणिताच्या प्राध्यापकाने या विषयांवर मराठीत शास्त्रीय माहिती द्यायचं ठरवलं. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

गणिताचे प्राध्यापक इकडे कसे वळले?

रघुनाथ हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म 14 जानेवारी 1882. ते नऊ वर्षांचे असताना, 1891 साली त्यांच्या आईचा, राधाबाईंचा बाळंतपणात मृत्यू झाला. तेव्हा अशी घरं गावोगावी होती. एकामागून एक बाळंतपणं बाईच्या जिवावर बेतायची आणि लोक त्याला नशीब म्हणायचे.

कर्वे पुण्यात शिकले, गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. परतल्यावर 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्स यांचं लंडनमधलं प्रसिद्ध क्लिनिकही त्याच वर्षी उघडलं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती!

कर्वे तेव्हा विल्सन कॉलेजमध्ये शिकवत होते. त्यांचं हे काम कॉलेजला रुचलं नाही. नोकरी की प्रचार, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे घर चालवण्यात मोठा वाटा पत्नी मालतीबाईंच्या पगाराचा होता. या दोघांनी स्वतः मूल होऊ दिलं नाही.

‘समाजस्वास्थ्य’ आणि कोर्टाची पायरी

जुलै 1927 मध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळता येते, गुप्तरोग कशामुळे होतात, हे त्यात सोप्या मराठीत असायचं. वाचक प्रश्न पाठवायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. जे प्रश्न घरात विचारता येत नव्हते, डॉक्टरलाही विचारायची लाज वाटायची, ते इथे छापले जायचे.

सनातनी मंडळी चिडली. 1931 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि 100 रुपये दंड बसला. 1934 मध्ये दुसरा खटला थेट वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून झाला. त्यात हस्तमैथुन आणि समलैंगिकता हे विषय होते. या वेळी कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही आणि लोकांना शंका असतील तर त्यांना उत्तर मिळायला हवं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कोर्टाला तो पटला नाही. 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही.

कर्वेही साधनं विकायचेच की!

हो, संततिनियमनाची साधनं आणि पुस्तकं ते विकायचे. मग भोंदू विक्रेत्यात आणि त्यांच्यात फरक काय?

भोंदू विक्रेता आधी आजार पटवतो, मग औषध दाखवतो. ते कसं काम करतं हे मात्र गुपित ठेवतो. कर्वे साधन कसं काम करतं हे सांगायचे. शिवाय ज्याला आजारच नाही, त्याला तुला काही झालेलं नाही, हेही सांगायचे. असं सांगून गोळी खपत नाही. आजही आरोग्याचा कोणताही सल्ला तपासायला ही सोपी कसोटी आहे.

कर्व्यांचं सगळंच आज टिकतं असं नाही. त्या काळात युरोपात गाजलेल्या सुप्रजननाच्या विचारांचा प्रभाव त्यांच्या लिखाणावर होता. ते विचार पुढे विज्ञानाने आणि समाजानेही नाकारले. पण कर्व्यांनी कारणं देऊन लिहिलं, म्हणूनच त्यांचं काय बरोबर आणि काय चूक, हे आपण आज तपासू शकतो.

शेवट

1944 मध्ये मालतीबाई गेल्या. 1952 मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असं सरकारी धोरण आणणारा भारत हा जगातला पहिला देश मानला जातो. ज्या कामापायी कर्व्यांची नोकरी गेली, ते आता सरकारी काम झालं होतं. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचं निधन झालं. ‘समाजस्वास्थ्य’ ते अखेरपर्यंत चालवत होते. 2001 मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा केला.

कुटुंबनियोजन सरकारी दवाखान्यात पोहोचलं, पण लैंगिक शंका आजही अनेक घरांत बोलल्या जात नाहीत. त्या जोवर दबून राहतात, तोवर खात्रीशीर औषधवाल्यांना गिऱ्हाईक मिळत राहणार. शंका असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा नोंदणीकृत डॉक्टरला विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.