क्रॉयडन ते डार्विन : ११,००० मैल

आज लंडनहून निघालेले विमान ऑस्ट्रेलियातील पर्थ शहर सुमारे १७ तासांत गाठते. १९३० साली या वाटेचा हिशेब दिवसांनी मांडीत.

एमी जॉन्सनबाईंचा जन्म १९०३ साली हल येथे, मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. लंडनमध्ये वकिलांच्या कचेरीत नोकरी करता करता त्या विमान चालविण्यास व दुरुस्त करण्यासही शिकल्या. ५ मे १९३० रोजी ‘जेसन’ हे जुने विमान घेऊन त्या क्रॉयडनहून एकट्याच निघाल्या. कराची ६ दिवसांत गाठली. पुढे पेट्रोल सरत आले, तेव्हा आपल्या शेजारच्या झाशीस परेडच्या मैदानावर उतरणे भाग पडले. रंगूनजवळ विमान खड्ड्यात जाऊन मोडले. दुरुस्तीत दिवस गेले आणि हिंकलर यांचा १९२८ चा साडेपंधरा दिवसांचा विक्रम हुकला. २४ मे रोजी बाई डार्विनला पोहोचल्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीने उडत जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

५ जानेवारी १९४१ रोजी त्या ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डनजीकच्या तळावर लष्करी विमान पोहोचवीत होत्या. हवा खराब होती. टेम्सच्या मुखाशी विमान पाण्यात कोसळले. देह सापडलाच नाही. ती वाट अवघ्या तासा-दीड तासाची होती.