डिकन्सची नाताळकथा

इ. स. १८४३ च्या शरदऋतूत चार्ल्स डिकन्स मोठ्या विवंचनेत होता. ‘पिक्विक पेपर्स’ने मिळवून दिलेली कीर्ती होती, पण क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या ‘मार्टिन चझलविट’चा खप घसरला होता आणि प्रकाशक मानधन कापण्याची भाषा बोलू लागले होते. घरी चार मुले, पाचवे होऊ घातलेले.

दारिद्र्य त्याला नवे नव्हते. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात असताना बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत असे. आता सप्टेंबरात लंडनमधील अनाथ-दरिद्री मुलांची एक शाळा त्याने पाहिली, आणि ती जुनी जखम पुन्हा वाहू लागली असावी. ऑक्टोबरात त्याने लेखणी उचलली. रात्री लंडन निजले की हा गृहस्थ पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल रस्ते तुडवीत कथा मनात जुळवी. वाटेत हसे, रडेही. चालू कादंबरीचे हप्ते सांभाळून अवघ्या सहा आठवड्यांत ‘अ ख्रिसमस कॅरल’ पुरी झाली!

१९ डिसेंबरला पुस्तक निघाले. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. मात्र रंगीत चित्रे आणि सोनेरी कडा यांचा खर्च भारी, किंमत केवळ पाच शिलिंग. हाती पैसा अपेक्षेच्या चौथाईहून कमी पडला.

लेखणी मात्र थांबली नाही. पुढे आणखी चार नाताळकथा झाल्या. १५ मार्च १८७० रोजी, मृत्यूपूर्वी तीन महिने, त्याने लंडनमध्ये अखेरचे जाहीर वाचन केले. तेव्हाही हातात हीच कथा होती.