विश्लेषण : घरपट्टीच्या पैशावर हक्क कोणाचा? फिरोजशहा मेहतांनी चार दशके लढवलेला प्रश्न

घरपट्टीचे बिल हातात पडले की दोन प्रश्न हमखास निघतात. एवढी आकारणी केली कशी आणि हा पैसा जातो कुठे? मुंबईत हेच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एवढे तापले की शहराचा कारभारच बदलावा लागला. त्या वेळी संतापलेल्या करदात्यांच्या सभेत २६ वर्षांचा एक बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने कोणालाच न रुचणारे उत्तर दिले. श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. आज त्याच बॅरिस्टरचा पुतळा महापालिका मुख्यालयासमोर उभा आहे. सर फिरोजशहा मेहता यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात ही अशी झाली.

शिष्यवृत्ती बुडाली, शहरही बुडाले

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत, व्यापारी पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८६४ मध्ये बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी एम. ए. झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचे ते आवडते विद्यार्थी होते. बॅरिस्टर होण्यासाठी ते लंडनला गेले ते रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी ठेवलेल्या शिष्यवृत्तीच्या आधारावर.

तो काळ मुंबईच्या कापूस-तेजीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून शेअरचा सट्टा माजला आणि जमिनी व घरांचे भाव आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि हा डोलारा काही महिन्यांत कोसळला. बँका बुडाल्या, मोठमोठ्या शेठियांची दिवाळी निघाली. रुस्तमजींची संपत्तीही त्यातच गेली आणि लंडनमधल्या फिरोजशहांच्या शिष्यवृत्तीचा आधार सुटला. तरीही त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि १८६८ मध्ये ते मुंबईला परतले. ते परतले तेव्हा शहरात घरपट्टीवरून असंतोष साचू लागला होता.

क्रॉफर्ड यांच्यावर रोष कशासाठी?

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे आणि एका आयुक्ताकडे दिला होता. हे आयुक्त म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. कामाचा झपाटा आणि खर्चाचा सैल हात हे दोन्ही गुण त्यांच्यात एकत्र होते. गटारे, रस्ते, सफाई, मंडया अशी कामे त्यांनी धडाक्याने काढली. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई ही त्यांच्याच काळातली, १८६९ ची. जुने मुंबईकर तिला अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात.

पण ही कामे कर्जावर आणि वाढीव करावर चालली होती. घरपट्टी शेवटी घराच्या भाड्यावर बेतलेली असते. तेजी ओसरल्यावर भाडी घसरली, घरे रिकामी पडली, तरी कराचा बोजा मात्र वाढत गेला. ज्याच्या घराचे उत्पन्न घटले आहे त्याला नवी मंडई कितीही देखणी असली तरी ती आपल्या खिशातून उभी राहिल्याचेच आधी दिसते. १८७१ पर्यंत पालिकेची तिजोरी रिकामी झाली होती. करदात्यांच्या सभा सुरू झाल्या, क्रॉफर्ड यांना जावे लागले.

आयुक्ताचे अधिकार काढून समितीकडे द्यावेत, अशी मागणी जे. ए. फोर्ब्स यांच्या नेतृत्वाखाली पुढे आली होती. ती लोकप्रिय होती. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये मेहतांनी निबंध वाचला तो नेमका या मागणीच्या विरोधात.

मेहतांचे म्हणणे काय होते?

त्यांनी क्रॉफर्ड यांची बाजू घेतली, हा सभेच्या दृष्टीने मोठा अपराध होता. क्रॉफर्ड यांनी शहर स्वच्छ केले, हे त्यांनी लपवले नाही. उधळपट्टी झाली, हेही नाकारले नाही. त्यांचा रोख जस्टिस मंडळावर होता. खर्चाला मंजुरी देणे आणि हिशेब तपासणे हे या मंडळाचे काम होते, ते त्याने केले नाही. आणि करायला हवे असे त्याला वाटण्याचे कारणही नव्हते, कारण करदात्यांनी त्या मंडळाला निवडलेलेच नव्हते.

मग उपाय काय? कारभार समितीच्या हाती दिला तर प्रत्येक चूक दहा जणांत वाटली जाईल आणि जबाबदार कोणीच उरणार नाही, असे त्यांचे मत होते. अंमलबजावणी एकाच अधिकाऱ्याकडे असावी, पण त्याला पैसे मंजूर करणारी आणि त्याच्याकडून हिशेब घेणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी, अशी मांडणी त्यांनी केली. सभेला क्रॉफर्डविरोधी भाषण हवे होते. मिळाली ती राज्यघटनेसारखी रचना.

पुढच्याच वर्षी १८७२ चा कायदा आला आणि त्याची चौकट बरीचशी याच दिशेची होती. ६४ सदस्यांचे कॉर्पोरेशन ठरले. त्यातले १६ सरकार नेमणार, १६ जस्टिस निवडणार आणि ३२, म्हणजे निम्मे, करदाते निवडणार. मेहता या सभागृहात आले आणि मृत्यूपर्यंत तिथलेच झाले.

मत कोणाला मिळाले, कोणाला नाही?

इथे थोडे थांबायला हवे. १८७२ च्या कायद्यात मतदार होण्यासाठी वर्षाला किमान ५० रुपये कर भरणे आवश्यक होते. समजा, सगळे कर मिळून करपात्र मूल्याच्या दहा टक्के होत असतील, तर ५० रुपये करासाठी घराचे वार्षिक करपात्र मूल्य ५०० रुपये हवे. तेवढी मिळकत असणारे शहरात मूठभरच होते. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली, तिच्यातले बहुतेक लोक भाड्याच्या खोलीत राहणारे. घरमालक घरपट्टी भाड्यात मिळवून वसूल करत असल्याने पैसा खरे तर भाडेकरूच्याच खिशातून जात होता, पण पावती मालकाच्या नावाची आणि मतही त्याचेच. मेहतांच्या सुधारणेची ही मर्यादा त्यांच्या गौरवग्रंथांत फारशी येत नाही.

१८८८ चा कायदा आजही का लागतो?

१८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षे मेहता कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते. आजच्या भाषेत महापौर. पुढे १९०५ आणि १९११ मध्येही ते या पदावर आले. पण त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मुंबई विधान परिषदेत झाले. पालिकेच्या नव्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात तोल सरकार आणि आयुक्ताकडे झुकलेला होता. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तो कलमाकलमाने सभागृहाकडे ओढला. १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईत आजही लागू आहे.

त्यात पालिकेच्या तीन सत्ता ठरल्या. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त. आयुक्ताने अर्थसंकल्पाचा अंदाज मांडायचा, स्थायी समितीने तो चाळायचा, सभागृहाने मंजूर करायचा आणि मग आयुक्ताने खर्च करायचा. तिजोरीच्या किल्ल्या जणू तिघांकडे वाटल्या.

आकारणीचे सूत्रही त्यात आले. एखादे घर वर्षाच्या बोलीने भाड्याने दिले तर वाजवी भाडे किती येईल, ते धरायचे आणि दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. महिना १० रुपये भाड्याच्या घराचे वार्षिक भाडे १२० रुपये, त्यातून १२ वजा, म्हणजे करपात्र मूल्य १०८ रुपये. आकारणी मान्य नसेल तर आधी आयुक्ताकडे तक्रार आणि मग लघुवाद न्यायालयात अपील, ही वाटही त्याच कायद्यातली.

हे सूत्र सव्वाशे वर्षे चालले, पण मध्येच त्याची गाडी रुतली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि त्यांच्याबरोबर करपात्र मूल्यही गोठले. दक्षिण मुंबईतल्या प्रशस्त जुन्या घराला नाममात्र आणि उपनगरातल्या नव्या छोट्या फ्लॅटला घसघशीत घरपट्टी, असे उलटे चित्र त्यातून तयार झाले. म्हणून २०१० पासून मुंबईत भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या दरांवर आधारित, आकारणी सुरू झाली. त्या पद्धतीचे काही नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केले. आकारणीचा वाद मेहतांच्या काळात संपला नव्हता, अजूनही संपलेला नाही.

पोलिसांचा पगार घरपट्टीतून?

पैसा जातो कुठे, या प्रश्नावर मेहतांची खरी कसोटी लागली ती पोलीस खर्चात. शहर पोलिसांवर हुकमत सरकारची, पण त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार पालिकेकडून मागत असे. ज्या खात्यावर आपला अधिकार नाही त्याचे बिल करदात्याने का भरायचे, हा मेहतांचा आणि सभागृहाचा आक्षेप. तो वाद वर्षानुवर्षे चालला. १८९६ च्या प्लेगनंतर त्यात आणखी एक भर पडली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट आला. त्याच्या १४ विश्वस्तांपैकी पालिकेने निवडलेले फक्त चार, पण पालिकेच्या उत्पन्नातून त्याला दरवर्षी रक्कम द्यायची.

पोलीस खर्चाचा निकाल १९०७ मध्ये लागला. कायद्याने पालिका त्या ओझ्यातून मोकळी झाली आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीची जबाबदारी तिच्याकडे आली. मुंबईत पालिकेच्या शाळा आणि दवाखाने घरपट्टीतून चालतात, त्यामागे ही अदलाबदल आहे. करदात्याचे पैसे वाचले नाहीत, पण ते जिथे सभागृहाला जाब विचारता येईल तिथे वळले.

या सगळ्यात मेहता काँग्रेसचे अध्यक्ष झाले (१८९०), सर झाले, सेंट्रल बँकेचे पहिले अध्यक्ष झाले. ती कहाणी वेगळी.

१९०७ मध्ये त्यांना पाडले कोणी?

सभागृहावर त्यांची पकड इतकी घट्ट होती की विरोधक तिला हुकूमशाही म्हणत. हा आरोप अगदीच निराधार नव्हता. मेहता बोलायला उठले की ठरावाचे भवितव्य ठरलेले असे, अशी त्यांची ख्याती होती. १९०७ च्या निवडणुकीत काही बड्या सरकारी अधिकाऱ्यांनी आणि इंग्रजी पत्रकारांनी मिळून त्यांना पाडायचा चंग बांधला. हा गट ‘कॉकस’ म्हणून ओळखला गेला. गंमत अशी की मेहता उभे होते ते करदात्यांच्या नव्हे, जस्टिस मंडळाच्या १६ जागांसाठी. ज्या मंडळाला त्यांनी १८७१ मध्ये धारेवर धरले होते, त्याच्याच मतांवर त्यांची जागा अवलंबून होती. ते सतरावे आले. पुढे विजयी सोळांपैकी एकाची निवड रद्द ठरली आणि मेहता सभागृहात परतले.

किल्ल्या पुन्हा एका हाती

५ नोव्हेंबर १९१५ रोजी मेहता गेले. महिना १० रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूला पालिकेचे मत मिळाले ते त्यानंतर सात वर्षांनी, १९२२ मध्ये. सर्व प्रौढांना मत देऊन पालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये.

७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. निवडणुका वेळेत झाल्या नाहीत आणि आयुक्तच प्रशासक झाले. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त या तिन्ही सत्ता तीन वर्षांहून अधिक काळ एकाच खुर्चीत होत्या. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प त्याच खुर्चीने मंजूर केला.