तबल्याच्या शाईतले भौतिकशास्त्र

सर चंद्रशेखर वेंकट रामन म्हटले की प्रकाशाचे विकिरण आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आठवते. प्रकाशाकडे वळण्यापूर्वी हा शास्त्रज्ञ अनेक वर्षे नादाचा शोध घेत होता, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नसते.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे जन्मलेल्या रामन यांना संगीताचा वारसा घरातूनच लाभला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक आणि उत्तम व्हायोलिनवादक. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. १९०७ मध्ये रामन सरकारी अर्थखात्यात अधिकारी म्हणून कोलकात्यात दाखल झाले. कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर ते बहूबाजारातील इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत रमत. अखेर १९१७ मध्ये, कमी वेतन पत्करून त्यांनी विद्यापीठातील प्राध्यापकपद स्वीकारले.

त्या काळी पाश्चात्त्य ध्वनिशास्त्र चर्मवाद्यांना सुरेल मानायला तयार नव्हते. त्यामागे गणित होते. सर्वत्र सारख्या जाडीचे कातडे गोल कड्यावर ताणले, तर मूळ कंपनासोबत १.५९, २.१४, २.३० अशा अपूर्णांकी पटीतील उपस्वर उमटतात. ते परस्परांशी जुळत नाहीत. बँडमधील साइड ड्रमचा ठोका कितीही खणखणीत असला, तरी त्याचा निश्चित स्वर सांगता येत नाही, तो यामुळेच.

मृदंग आणि तबला मात्र तंबोऱ्याशी स्वरात मिळवता येतात. याचे उत्तर रामन यांना पुडीवरील शाईत सापडले. लोहचूर्णाचे हे लवचीक लेपन मध्यभागी जाड आणि कडेकडे पातळ होत जाते. या भारामुळे कातड्याच्या कंपनांचे प्रमाणच बदलते आणि उपस्वर पूर्णांकी पटीत येतात. शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी हा निष्कर्ष १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडला.

विषय तेथे संपला नाही. पुढे बेंगळुरूत असताना त्यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून, बोटांनी ठरावीक जागा दाबून आघात केले. कंप न पावणाऱ्या रेषांवर वाळू गोळा होई. त्या आकृत्यांवरून कंपनाचे नऊ प्रकार पाच सुसंवादी स्वरांत सामावतात, हे त्यांनी १९३४ च्या निबंधात दाखवून दिले.

कानाच्या भरवशावर थरावर थर घोटत पुडीला स्वर देणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासात नाहीत. त्यांच्या कसबामागचे शास्त्र जगापुढे मांडणारे रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजी बेंगळुरूत निवर्तले.