क्ष-किरणांचे जनक प्रोफेसर राँटगेन

ऐरोलीच्या एखाद्या क्रीडांगणावर पडून मुलाचा हात सुजला, की पालक प्रथम त्याचा एक्स-रे काढून आणतात. हाड मोडले आहे की हात नुसता मुरगळला आहे, हे मग घटकाभरात कळते. ही सोय ज्या पुरुषामुळे जगास लाभली त्याचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस परीक्षेपुरते पाठ असते. चरित्र मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विल्हेल्म कोनराड राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. विल्हेल्म तीन वर्षांचा असता हे कुटुंब हॉलंडात जाऊन राहिले. पुढे उट्रेख्त येथील तंत्रशाळेत तो शिकत असता वर्गातील कोणी एका मुलाने शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. काढणारा कोण हे विल्हेल्मला माहीत होते. परंतु सोबत्याचे नाव सांगण्याचे त्याने साफ नाकारले, आणि शाळेने त्यासच घालवून दिले. आम्हीही शिक्षकच आहोत व शिस्त आम्हांसही प्रिय आहे. तथापि ही शिक्षा अपराधाहून फार मोठी होती, असे म्हटल्यावाचून आम्हांस राहवत नाही. कारण शाळेचा दाखला नसल्यामुळे त्यांच्या वाटेत पुढे कित्येक वर्षे धोंड पडली. झुरिच येथील पॉलिटेक्निकने १८६५ मध्ये त्यांस घेतले व १८६९ मध्ये ते डॉक्टर झाले. तरीही वुर्त्सबुर्गच्या विद्यापीठाने त्यांस अध्यापनाचा अधिकार दिला नाही. कारण तेच, दाखला नाही! पुढे १८८८ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांस पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून बोलावून नेले.

त्यांच्या पत्नीचे नाव अ‍ॅना बेर्था. या दांपत्यास मूल नव्हते. १८८७ मध्ये त्यांनी बेर्थाबाईंच्या भावाची सहा वर्षांची मुलगी आपल्या घरी आणून तिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले.

८ नोव्हेंबर १८९५ च्या सायंकाळी प्रोफेसरसाहेब प्रयोगशाळेत एकटेच होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून ते विजेचा प्रवाह सोडीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली व खोलीत अंधार होता. असे असता थोड्या अंतरावरील बेरियमच्या क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून पार जाणारा हा कोणता किरण? पुढील कित्येक आठवडे ते प्रयोगशाळेतच जेवले व तेथेच निजले. अज्ञात संख्येस बीजगणितात जे अक्षर देतात तेच त्यांनी या किरणांस दिले. २२ डिसेंबर रोजी त्यांनी पत्नीचा हात सुमारे पंधरा मिनिटे काचपट्टीवर ठेवविला. पट्टीवर उमटली ती बोटांची हाडे व त्यांभोवती अंगठीची काळी छाया. स्वतःचा सांगाडा जिवंतपणी पाहून त्या बाईंस मृत्यूची चाहूल लागल्यासारखे वाटले, असे सांगतात.

जानेवारी १८९६ मध्ये ही वार्ता जगभर गेली. आणि ३ फेब्रुवारी रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात एका १४ वर्षांच्या मुलाचे मोडलेले मनगट या किरणांनी पाहण्यात आले. तो बर्फावर घसरून पडला होता. अमेरिकेत रोगनिदानासाठी काढलेले पहिले चित्र म्हणून ज्याची गणना होते, ते असे एका शाळकरी मुलाचे आहे!

मुलांचे हाड वाचणे मात्र मोठ्यांच्या हाडाइतके सोपे नाही. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो. तो चित्रात उमटत नाही व तेथे फट दिसते. नवख्यास वाटावे की हाडच मोडले. म्हणून शंका आल्यास डॉक्टर दुसऱ्या हाताचेही चित्र काढून दोन्ही ताडून पाहतात. मुडदूस झालेल्या मुलाच्या मनगटाची हाडे टोकाशी पसरट व झिरझिरीत दिसतात. लहान मुलास बेडका काढता येत नाही. त्यामुळे क्षयाची शंका आली असता छातीचे चित्र फार उपयोगी पडते. गिळलेले नाणे कोठे अडकले हेही असेच कळते.

परंतु या किरणांस दुसरी धार आहे, आणि ती आरंभी कोणास दिसली नाही. एडिसनचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे हात या किरणांनी जळून कर्करोग झाला व १९०४ मध्ये ते वारले. राँटगेन यांनी प्रयोगासाठी शिसे लावलेली जस्ताची कोठडी केली होती. ती मुख्यतः अंधारासाठी, पण तिनेच बहुधा त्यांस वाचविले. १९५६ मध्ये इंग्लंडातील डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी दाखविले की, गरोदरपणी ज्या मातांच्या पोटाचे असे चित्र काढले होते, त्यांच्या मुलांत कर्करोगाने मृत्यू अधिक होतात. वाढत्या शरीरास हा अपाय मोठ्यांपेक्षा जास्त होतो. म्हणून आज मुलांकरिता किरणांची मात्रा शक्य तितकी कमी ठेवितात, आणि जेथे ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीने भागते तेथे क्ष-किरण वापरीतच नाहीत. तान्ह्या मुलाची टाळू भरलेली नसते. त्या मऊ वाटेने सोनोग्राफी मेंदूदेखील दाखविते. आतड्यात आतडे शिरून बाळ कळवळत असेल, तर सोनोग्राफीने निदान होते, व पुष्कळदा गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून पडद्यावर पाहत पाहत ते आतडे मागे सारता येते. पोट फाडावे लागत नाही. खाडीपलीकडे परळ येथे केवळ मुलांसाठी १९२९ पासून चालू असलेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे, हे आमच्या पालकांस ठाऊक असेलच. येथे एक सूचना करावीशी वाटते : डॉक्टर चित्र नको म्हणाले तर हट्ट धरू नये, आणि हवे म्हणाले तर उगाच भिऊ नये.

राँटगेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. घेते तर अमाप संपत्ती मिळती. पण शोध सर्व मानवजातीचा आहे असे त्यांचे मत होते, आणि कोणासही मोल न देता तो वापरता आला. १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. ती रक्कम त्यांनी वुर्त्सबुर्गच्या विद्यापीठास दिली. सरदारकीचा किताबही नाकारला. आमच्या मते, अंधारात चमकलेल्या पडद्याहूनही हीच त्यांच्या आयुष्यातील मोठी गोष्ट होय.

अखेरचे दिवस कष्टाचे गेले. १९१९ मध्ये बेर्थाबाई दीर्घ दुखण्याने वारल्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशास किंमत उरली नाही व प्रोफेसरसाहेबांची शिल्लक नाहीशी झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्यूनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे शास्त्रीय टिपण व खाजगी पत्रे जाळण्यात आली. गीसेन गावी, जेथे त्यांनी पूर्वी अध्यापन केले होते, त्यांस आईवडिलांच्या व पत्नीच्या शेजारी माती देण्यात आली.