लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव



इतिहास म्हटला की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. अलीकडे मात्र इतिहासकार रोजच्या वापरातील यंत्रांचाही अभ्यास करू लागले आहेत. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ मध्ये भारतातील सायकल, शिवणयंत्र, टाइपरायटर व भातगिरणी यांच्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. म्हणून या वेळी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची ओळख करून देत आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. मग ते यंत्रांची रेखाचित्रे शिकले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलीच्या दुकानात उभे राहिले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि नंतर लोखंडी नांगर.

हा नांगर मात्र कोणी घेईना! लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथवतो. पण लोखंडाने जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. मला त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणवत नाही. ज्याचे वर्षभराचे पोट एका शेतावर आहे, तो नव्या वस्तूला भिणारच. लक्ष्मणराव रागावले नाहीत, नांगर सुधारत राहिले.

एवढ्यात नगराच्या विस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ ३२ एकर माळरान दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढे तेथे पंपही होऊ लागले.

आणखी एक गोष्ट. याच कारखान्याच्या वाडीत १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. १९३० मध्ये तेथूनच 'स्त्री' मासिकही सुरू झाले. नांगराच्या कारखान्यातून मराठी घराघरांत वाचन पोहोचले, याचे मला फार नवल वाटते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

मुलांनो, आपल्या काळ्या जमिनीत लोखंडी नांगर पहिल्यांदा आला तेव्हा गावात काय बोलले गेले, ते घरी आजी-आजोबांना विचारा आणि लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.

– मुख्याध्यापक